बेलफास्टच्या माळ्यावरचा ऐवज

वॉल्ट विलिस हे नाव मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानावरून गेले असेल, आणि त्यात वाचकांचा काही दोष नाही. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे सरकारी नोकरी करणाऱ्या या गृहस्थांची कीर्ती विज्ञानकथांवर उभी नाही. विज्ञानकथेच्या वाचकांनी आपल्यासारख्याच वाचकांसाठी पदरमोड करून काढलेली जी हौशी अनियतकालिके असतात, ज्यांना तिकडे १९४०पासून ‘फॅनझिन’ म्हणतात, ती काढणे आणि त्यांतून लिहिणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. विलिस यांचा जन्म १९१९चा आणि मृत्यू १९९९चा. गेल्या पावसाळ्यापासून मी त्यांचा जेवढा ऐवज हाती लागला तेवढा क्रमाने वाचत आले आणि तो कसा मिळतो, कोणत्या रूपात वाचावा, त्यातले काय टिकले आहे व काय शिळे झाले आहे, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी वस्तूचे वर्णन. मी वाचलेल्या ऐवजात चार गोष्टी येतात. पहिली म्हणजे १९४८ ते १९५३ या काळात निघालेले ‘स्लँट’चे सात अंक, दुसरी म्हणजे १९५२ साली सुरू होऊन १९६५पर्यंत चाललेले ‘हायफन’, तिसरी म्हणजे विलिस आणि त्यांचे मित्र बॉब शॉ यांनी मिळून १९५४ साली लिहिलेली ‘द एन्चँटेड डुप्लिकेटर’ ही छोटी रूपककथा, आणि चौथी म्हणजे १९५२ सालच्या अमेरिकावारीचे ‘द हार्प स्टेटसाइड’ हे प्रवासवर्णन. दोन्ही अनियतकालिकांच्या जुन्या अंकांची पाने फॅन-इतिहास जपणाऱ्या स्वयंसेवकांनी स्कॅन करून ठेवली आहेत. कथा आणि प्रवासवर्णन ट्रान्स-अटलांटिक फॅन फंडाने ई-बुक म्हणून उपलब्ध करून दिले आहे. कशाचीही किंमत पडत नाही, मात्र ई-बुक उतरवून घेणाऱ्याने फंडाला यथाशक्ती देणगी द्यावी अशी अपेक्षा असते. हा फंड विलिस यांच्याच त्या अमेरिकावारीतून जन्माला आला, तेव्हा ही देणगी देताना आपण मुळाला पाणी घालत आहोत असे समजायला हरकत नाही.

मी ‘स्लँट’पासून सुरुवात केली, आणि त्याचे कारण अगदी खासगी आहे. माझ्या मामांचा साताऱ्याला ट्रेडलचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावती पुस्तके, निवडणुकीच्या काळात हस्तपत्रके एवढाच त्यांचा व्याप. दिवसभर खिळे जुळवायचे, फर्मा आवळायचा, छपाई झाली की रॉकेलच्या बोळ्याने शाई पुसून एकेक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकायचा, हे मी लहानपणी तासन्‌तास पाहिलेले आहे. त्यामुळे ज्या माणसाने दिवसभर कचेरी करून रात्री घराच्या माळ्यावर, हाताने दाबायच्या एका छोट्या यंत्रावर, पोटापाण्याचा काहीही संबंध नसताना अख्खेच्या अख्खे अनियतकालिक खिळ्यांनी जुळवून छापले, त्याच्याविषयी मला वाचनाआधीच आदर वाटू लागला होता. हा आदर परीक्षणात आडवा येऊ नये अशी खबरदारी घेतली आहे. पूर्ण साधली असेलच असे नाही.

‘स्लँट’ वाचताना ही मेहनत पानोपानी जाणवते. खिळे जुळवणाऱ्याला शब्द महाग पडतो. टंकलेखन करणारा सहज चार वाक्ये जादा लिहून जातो, तर खिळे जुळवणारा एकेक विशेषण हातात घेऊन ते खरोखर हवे आहे का असा विचार करतो. विलिस यांची पुढे जी आटोपशीर, कोरडी, एका वाक्यात गिरकी घेणारी शैली प्रसिद्ध झाली, तिची घडण या यंत्रावर झाली असावी असे मला सात अंक वाचल्यावर वाटू लागले आहे. अंकातील चित्रे जेम्स व्हाइट यांची आहेत. हे व्हाइट त्या वेळी शिंप्याच्या धंद्यात नोकरीला होते आणि चित्रे लाकडात व लिनोलियममध्ये कोरून देत असत. कोरलेल्या चित्राची काळी शाई आणि कोऱ्या कागदाचा पांढरा यांत अधलेमधले काही नसते. स्कॅनमध्येही त्या काळ्याचा जोर टिकून राहिला आहे. या अंकांना १९५४ सालासाठीचा पूर्वलक्षी ह्यूगो हा विज्ञानकथाक्षेत्रातील मानाचा पुरस्कार २००४मध्ये देण्यात आला, तेव्हा विलिस यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.

छपाई म्हटली की मुद्राराक्षस आलाच. विलिस यांच्या हातून एकदा ‘पोस्टकार्ड’ या शब्दाची अक्षरे अशी काही उलटसुलट पडली, की त्याचे ‘पॉक्टसार्क्ड’ झाले. आपल्याकडे अशा वेळी शुद्धिपत्र देतात किंवा कंपोझिटरला चार शब्द सुनावतात. विलिस यांच्या मित्रमंडळाने तो शब्दच उचलला, आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे फॅन पुढे एकमेकांना पोस्टकार्डाऐवजी पॉक्टसार्क्डच पाठवू लागले. एका छापील चुकीचे असे लाडाने संगोपन करणारा वाचकवर्ग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

स्कॅनच्या दर्जाविषयी सांगायचे तर मोबाइलवर ही पाने वाचण्याचा खटाटोप करू नये. पान बोटांनी मोठे करा, ओळ संपली की सरकवा, पुन्हा मागे या, यात मजकुराची लय पार मोडते. दहा इंची टॅबलेटवर ‘स्लँट’ उत्तम वाचता येतो. ‘हायफन’ मात्र स्टेन्सिलवर टंकलेखन करून सायक्लोस्टाइल केलेले असल्यामुळे काही पानांवर शाई फिकी आहे, काही पानांवर मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटला आहे, आणि काही ठिकाणी एखादे वाक्य कर्त्याकर्मासकट अंदाजाने घ्यावे लागते. हा स्कॅन करणाऱ्यांचा दोष नव्हे, मूळ कागदच तसा आहे.

यावर उपाय म्हणून ‘हायफन’च्या निवडक अंकांची पाने छापून घ्यावीत असे मी ठरवले आणि घराजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात फाइल दिली. दुकानदारांना बजावून सांगितले होते की मूळ पान आपल्या ए-फोर कागदापेक्षा वेगळ्या मापाचे आहे, तेव्हा लहान करून छापा पण कडा कापू नका. दुसऱ्या दिवशी हाती आलेल्या दोनशेहून अधिक पानांत प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरे गायब होती, आणि जी उरली होती त्यांतली डावीकडची स्पायरल बाइंडिंगच्या भोकांनी खाल्ली होती. तक्रार केल्यावर “मॅडम, जुनं आहे ना, असंच येतं” असे उत्तर मिळाले. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा कोणी छापून घेणार असेल तर आधी एकच पान छापून पाहावे आणि बाइंडिंगसाठी डावीकडे बोटभर जागा सोडायला लावावी.

आता ‘द एन्चँटेड डुप्लिकेटर’विषयी. विलिस यांच्या लेखनातील हीच वस्तू सर्वांत जास्त वेळा पुन्हा छापली गेली, आणि ज्याला एकच काही वाचायचे आहे त्याने हेच वाचावे. कथेचा साचा जॉन बन्यन यांच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा आहे. त्या पुस्तकाचे मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी १८४१ सालीच ‘यात्रिकक्रमण’ या नावाने केले होते, त्यामुळे सद्‌गुण-दुर्गुणांना माणसांची आणि गावांची नावे देऊन नायकाला त्यांच्यातून चालवत नेण्याची ही पद्धत मराठीला परकी नाही. बन्यन यांचा यात्रेकरू स्वर्गनगरीला निघतो. विलिस आणि शॉ यांचा जोफन निघतो तो सर्वांगपरिपूर्ण फॅनझिन काढण्यासाठी. ‘मंडेन’ नावाच्या देशातील ‘प्रोझेइक’ नावाच्या गावात, म्हणजे रोजमर्रा देशातील रुक्षवाडीत म्हणा, हा मुलगा राहत असतो. आपल्या मनातले बोलावे असे कोणीही त्याला आसपास सापडत नाही. मग फॅनडमची, म्हणजे फॅनांच्या जगाची, देवता प्रकट होते, ‘संपर्क’ नावाची आपली कांडी त्याच्या कपाळाला लावते, आणि दूरच्या खऱ्या फॅनांच्या प्रदेशात एक मंतरलेले डुप्लिकेटर, म्हणजे प्रती काढण्याचे, यंत्र आहे असे त्याला समजते.

पुढचा सगळा प्रवास म्हणजे अनियतकालिक काढू पाहणाऱ्याच्या हालअपेष्टांचा नकाशा आहे. आरंभीच आळसाचा, म्हणजे जडत्वाचा डोंगर लागतो. त्यानंतर अननुभवाचे जंगल. एक दलदल आहे ती हेक्टोग्राफची. ज्यांनी जिलेटिनच्या थरावर जांभळ्या शाईची नक्कल उमटवून प्रती काढल्या आहेत किंवा काढताना पाहिल्या आहेत, त्यांना ही दलदल का, हे निराळे सांगायला नको. बोटे, बाह्या, टेबल, सगळे जांभळे होते आणि पन्नासेक प्रतींनंतर अक्षरे दिसेनाशी होतात. वाटेत ‘टायपो’ नावाचे उपद्रवी प्राणी हल्ला करतात. म्हणजे आपला मुद्राराक्षस तिथे झुंडीने वावरतो. त्यांच्यापासून आणि टीकेच्या दरीत दोन्ही बाजूंनी होणाऱ्या माऱ्यापासून वाचवणारी एक ढाल जोफनजवळ असते, आणि तिचे नाव विनोद. नंतर उपेक्षेचे वाळवंट लागते. अंक काढून टपालात टाकल्यानंतर कोणाचेही पत्र न येण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हे वाळवंट किती रुंद असते याची कल्पना आहे.

माझ्या मते कथेतील सर्वांत नेमकी जागा ‘गाफिया’च्या कुंजांची आहे. गाफिया हा फॅनांच्या बोलीतला शब्द असून, या सगळ्या व्यापापासून दूर निघून जाणे असा त्याचा अर्थ. ही कुंजे रम्य आहेत, तिथे सावली आहे, आणि जरा टेकावे म्हणून थांबलेले लोक तिथून उठतच नाहीत. लेखकांनी तिथे कोणताही राक्षस बसवलेला नाही. आपल्याकडे दोन-तीन अंकांनंतर बंद पडलेली अनियतकालिके मोजायला बसलो तर पैशाअभावी बंद पडलेल्यांपेक्षा या सावलीत विसावलेल्यांचीच संख्या जास्त निघेल, असा माझा अंदाज आहे.

शेवट सांगितल्याने कथेची गंमत कमी होत नाही, म्हणून सांगते. जोफन मुक्कामाला पोहोचतो तेव्हा ते मंतरलेले यंत्र गंजलेले, मोडकळीला आलेले निघते. त्याची निराशा होते. पण तो त्याचा दांडा हाती घेतो तेव्हा यंत्र उजळून निघते, कारण मंतरलेले यंत्र म्हणजे ज्याच्या दांड्याला खरा फॅन लागलेला आहे ते यंत्र, एवढाच त्या मंत्राचा अर्थ. हे विधान असे सुटे लिहिले तर गुळगुळीत वाटेल, हे मला ठाऊक आहे. कथेत ते तसे वाटत नाही, कारण तोवर लेखकांनी आपल्याला स्टेन्सिल, शाई, कागद आणि टपाल यांच्या चिखलातून इतके चालवलेले असते की शेवटी हात आपोआप दांड्याकडे जातो. शिवाय हे लिहिणारे लोक तो दांडा खरोखरच फिरवत होते. त्याच दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही मंडळी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढत होती. बेलफास्ट आणि मुंबई यांचा एकमेकांशी काडीइतकाही संबंध नव्हता. पण मेणाच्या स्टेन्सिलवर टंकयंत्राची फीत काढून घेऊन अक्षरे कोरायची, चुकले की तिथे द्रव लावून वाळेपर्यंत फुंकर मारायची आणि मग दांडा फिरवायचा, ही कृती दोन्हीकडे एकच होती.

या कथेचा पुढचा भाग विलिस यांनी जेम्स व्हाइट यांच्यासह १९९१ साली लिहिला. पहिल्या भागात वाटेवरच्या प्रत्येक अडचणीमागे खरी दमछाक आहे. दुसऱ्यात ती नाही. तो न वाचल्याने फारसे बिघडत नाही.

‘द हार्प स्टेटसाइड’ची पार्श्वभूमी अशी. विलिस यांचे ‘द हार्प दॅट वन्स ऑर ट्वाइस’ हे सदर अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथून निघणाऱ्या ‘क्वान्ड्री’ या फॅनझिनमध्ये सुरू झाले. सदराचे नाव म्हणजे टॉमस मूर यांच्या एका आयरिश गीताच्या आरंभावर केलेली कोटी आहे. ‘क्वान्ड्री’च्या संपादक ली हॉफमन. ली हे नाव पुरुषाचेही असू शकत असल्याने पुष्कळ फॅन त्यांना पुरुषच समजत होते, आणि १९५१ साली न्यू ऑर्लिन्सच्या विज्ञानकथा संमेलनात त्या प्रत्यक्ष अवतरल्यावर एकच खळबळ उडाली. या सदरामुळे विलिस अमेरिकन फॅनांना इतके आवडू लागले की शेल्बी विक या फॅनने वर्गणी गोळा करून १९५२च्या शिकागो संमेलनाला त्यांना बोलावून घेतले. पगारातून अटलांटिक ओलांडणे ज्याला शक्य नव्हते अशा कारकुनाला केवळ त्याच्या लेखनाच्या प्रेमापोटी लोकांनी एकेक डॉलर काढून समुद्रापार नेले. ह्याच प्रयोगाचा पुढे कायमचा फंड झाला आणि तो आजतागायत आलटून पालटून युरोपातील फॅन अमेरिकेत आणि अमेरिकेतील फॅन युरोपात पाठवत आला आहे.

प्रवासवर्णन म्हणून पाहिले तर पुस्तक असमान आहे. बोटीचा प्रवास, न्यू यॉर्कचे पहिले दर्शन, रेशनिंग सोसलेल्या माणसाने अमेरिकेतील खाण्याच्या मुबलकतेकडे पाहणे, बसमधील लांबच लांब मजल, हे सारे अतिशय वाचनीय आहे, कारण विलिस स्वतःची फजिती सांगताना हात राखत नाहीत. संमेलनाचा भाग मात्र आज वाचायला जड जातो. कोणत्या खोलीत कोण भेटले, कोण काय म्हणाले, मग सगळे कोणत्या मजल्यावर गेले, अशी नावांची लग्नातल्या आहेराच्या यादीसारखी रांग लागते, आणि यातले बहुतेक लोक कोण, हे आज सत्तर वर्षांनी वाचणाऱ्याला कसे कळावे? ई-बुकचा मजकूर स्वच्छ आहे, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. परंतु अशा मजकुराला भरघोस टिपांची जोड हवी असते, आणि नवख्या वाचकाची ती गरज इथे पुरेशी भागत नाही.

माझ्या दृष्टीने या सगळ्या ऐवजातील खरा घबाडाचा भाग ‘हायफन’ आहे. खिळ्यांच्या कष्टातून सुटून विलिस स्टेन्सिलवर आले आणि त्यांचे लेखन एकदम बोलके झाले. आरंभीच्या काळात त्यांचे सहसंपादक चक हॅरिस हे इंग्लंडात राहत आणि त्यांना ऐकू येत नसे. ज्याच्याशी सगळे बोलणे कागदावरूनच करायचे असा मित्र संपादनात भागीदार असल्यामुळे असेल, पण ‘हायफन’चे पान पत्रासारखे वाटते, आणि वाचणाऱ्याला आपणही उत्तर द्यावे अशी उबळ येते. अंकाची किंमत पैशांत दिली नाही तरी चालत असे. अभिप्रायाचे पत्र किंवा आपल्या फॅनझिनची प्रत पाठवली की भागले. आर्थर टॉमसन, जे ‘अॅटम’ या नावाने चित्रे काढत, त्यांची बारीक हातापायांची व्यंगचित्रे आणि बॉब शॉ यांचे ‘द ग्लास बुशेल’ हे सदर याच अंकांत आहे.

‘हायफन’च्या मलपृष्ठावर एक प्रथा पाळली जात असे. गप्पांत कानावर पडलेली किंवा पत्रांतून उचललेली वाक्ये, मागचापुढचा संदर्भ पूर्णपणे तोडून, एकाखाली एक छापायची. कोण म्हणाले, कधी, कशाबद्दल, काही नाही. मी पहिल्या अंकात हे पान निरर्थक म्हणून सोडून दिले. चौथ्या-पाचव्या अंकापर्यंत मात्र अंक उघडताच आधी मागचे पान पाहण्याची सवय लागली, जसे आपण काही मासिके उघडताना आधी पानपूरके शोधतो. यात भाषांतर करण्याजोगे काहीही नाही. विलिस यांच्या विनोदाचा निम्मा भाग इंग्रजी उच्चारांवरच्या कोट्यांचा आहे, आणि कोटी दुसऱ्या भाषेत नेली की मरते. इंग्रजी कोट्यांचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी या अंकांच्या वाटेला जाऊ नये, हे स्पष्टच सांगते.

या अंकांत पुनःपुन्हा येणारे ठिकाण म्हणजे विलिस यांचे घर. ‘स्लँट’ म्हणजे तिरकी रेघ, म्हणून त्या घराला ‘ऑब्लिक हाउस’ असे नाव पडले होते. माळ्यावर मंडळी जमत, लिहीत, छापत आणि ‘घूडमिंटन’ नावाचा एक स्वतः शोधलेला खेळ खेळत. त्यात टेबलावर जाळी लावून, पुठ्ठ्याच्या फळ्यांनी बॅडमिंटनचे फूल मारायचे असे, आणि वर्णनांवरून नियमांपेक्षा दुखापतीच जास्त असाव्यात. बोलताना कोटी कोणी आणि किती पाताळयंत्री केली याचीही चढाओढ चाले. मंडळींपैकी जॉन बेरी पोलिसांत बोटांच्या ठशांचे काम करीत.

या वर्णनांत जे उल्लेखाने येत नाही ते बेलफास्ट शहर. विलिस आणि शॉ हे प्रोटेस्टंट, जेम्स व्हाइट कॅथलिक. ज्या शहरात धर्मावरून शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तीन दशके बाँब आणि बंदुका, त्या शहरातील एका माळ्यावर ही माणसे आठवड्यातून अनेकदा एकत्र बसत आणि पुठ्ठ्याच्या फळ्यांनी एकमेकांना बडवत. विलिस यावर भाष्य करीत नाहीत. ‘हायफन’मध्ये असे भाष्य शोधत गेलेल्या वाचकाची निराशा होईल. मला ते मौन खटकले नाही. याच व्हाइट यांनी पुढे ‘सेक्टर जनरल’ ही कथामालिका लिहिली, ज्यात नाना ग्रहांवरचे, नाना देहांचे वैद्य एका अवाढव्य अंतराळ रुग्णालयात एकमेकांवर उपचार करतात. शॉ यांनीही विज्ञानकथालेखक म्हणून मोठे नाव मिळवले. प्रकाशाला वर्षानुवर्षे अडवून धरणाऱ्या काचेची कल्पना त्यांचीच. या दोघांचे वाचक जगभर आहेत. त्यांच्यासाठी खिळे जुळवणारा माणूस मात्र आयुष्यभर ‘फॅन’च राहिला, त्याला १९५८ साली मिळालेला ह्यूगोसुद्धा उत्कृष्ट कार्यकर्ता फॅन म्हणूनच होता. वॉल्टर ब्रायन या टोपणनावाने त्यांनी आयरिश लोकांवर एक पुस्तक लिहिले, १९६९ साली ते प्रसिद्ध झाले, आणि त्यात विज्ञानकथेचा मागमूसही नाही.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. वॉल्ट यांच्या पत्नी मॅडलिन विलिस या पहिल्यापासून या साऱ्यात सहभागी होत्या. अंकांच्या मागे आणि माळ्यावर जमणाऱ्या मंडळींच्या सरबराईतही त्यांचे हात आहेत. वॉल्ट यांच्या लेखनात त्या येतात त्या बहुधा एखाद्या मिश्कील वाक्याच्या निमित्ताने. रूपककथेत तर जोफनच्या वाटेवर स्त्री म्हणावी अशी जवळजवळ फॅनडमची देवताच. ज्या वर्तुळात ली हॉफमन यांच्यासारखी संपादक मध्यभागी होती, त्याच्या महाकाव्यात ही जागा इतकी मोकळी राहावी, हे आजच्या वाचकाला टोचते. मामांच्या छापखान्यातही खिळे वेगळे करण्याचे निम्मे काम मामी करीत, आणि पाटीवर नाव मामांचे होते. त्यामुळे मला ते जरा जास्तच टोचले असेल.

संग्राह्य प्रतीविषयी कोणी विचारील म्हणून सांगते. रिचर्ड बर्जरॉन या अमेरिकन संपादकाने आपल्या ‘वॉरहून’ या फॅनझिनचा २८वा अंक संपूर्णपणे विलिस यांच्या लेखनाला वाहिला. सहाशेहून अधिक पाने, सगळी डुप्लिकेटरवर काढलेली, आणि वर कापडी पुठ्ठ्याची बांधणी. बाजारात ती प्रत क्वचित येते आणि संग्राहकांच्या किमतीला जाते. ज्यांना विलिस वाचायचे आहेत त्यांनी तिच्या मागे लागू नये. स्कॅन आणि ई-बुक यांत हवे ते बहुतेक सारे आहे.

वाचनाचा क्रम माझ्यासारखा ठेवू नये. मी छापखान्याच्या ओढीने ‘स्लँट’पासून आरंभ केला, पण त्यातील कथा आज सामान्य वाटतात आणि नवा वाचक तिथेच अडकून पडेल. आधी ‘द एन्चँटेड डुप्लिकेटर’ एका बैठकीत वाचावी, तासाभराचे काम आहे. ती आवडली तर ‘हायफन’चा मधल्या काळातला कोणताही अंक घ्यावा, पहिला नव्हे, कारण पहिल्या अंकांत मंडळी अजून एकमेकांना चाचपत आहेत. प्रवासवर्णन त्यानंतर, संमेलनाची पाने चाळत. आणि ‘स्लँट’ सगळ्यांत शेवटी, केवळ डोळ्यांनी, चित्रांसाठी व अक्षरांच्या ठेवणीसाठी.

‘हायफन’ १९६५ साली ३६व्या अंकानंतर थांबले होते. ३७वा अंक १९८७ साली निघाला, बावीस वर्षांनी. माझ्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात तोही आहे, आणि त्याच्याही प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरे कापली गेली आहेत. टॅबलेटवर मूळ पान उघडून ती अक्षरे पेन्सिलने भरत मी सध्या सहाव्या पानावर आले आहे.